दुर्गंधीची कथा आणि लंडनची गटारे: धोरणनिर्मितीतील कथनाचा एक प्रकरण अभ्यास

पुरावा आणि धोरण यांचे नाते सरळ असते, असे आपण गृहीत धरतो. संशोधक कारण शोधतो, शासन ते मान्य करते आणि त्यानुसार उपाय होतो, अशी ती साखळी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनमध्ये आलेल्या कॉलऱ्याच्या साथीचे उदाहरण बहुधा याच साखळीसाठी दिले जाते. डॉ. जॉन स्नो यांनी नकाशा काढला, ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचा दांडा काढायला लावला, साथ थांबली आणि आधुनिक सार्वजनिक आरोग्याचा पाया घातला गेला, असे ते सांगितले जाते. घटनाक्रम नीट लावून पाहिला तर यातले फारसे काही टिकत नाही. सबळ पुरावा हाती असलेला माणूस धोरणाच्या लढाईत हरला, चुकीच्या कारणावर उभी असलेली कथा जिंकली आणि त्या चुकीच्या कथेच्या बळावर उभारलेल्या बांधकामानेच पुढे लंडनमधून कॉलरा घालवला. कथनाचे धोरणातील स्थान तपासायला याहून सोयीचे प्रकरण क्वचितच सापडेल, कारण इथे कथेचा खरेपणा आणि तिचा प्रभाव या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजता येतात.

या क्षेत्रातले अभ्यासक धोरणविषयक कथनात साधारणपणे चार घटक शोधतात: कथेची पार्श्वभूमी, पीडित, खलनायक आणि तारणहार ही पात्रे, घटनांची कार्यकारण जुळणी, आणि तिच्यातून आपोआप निघाल्यासारखा वाटणारा उपाय. राज्यशास्त्राच्या अभ्यासक डेबोरा स्टोन यांनी १९८९ मध्ये ‘कारणकथा’ ही कल्पना मांडली. एखाद्या संकटाचे कारण सांगताना आपण दोष कोणाचा आणि दुरुस्तीचा अधिकार कोणाचा हेही ठरवत असतो, हा तिचा गाभा. लंडनच्या प्रकरणात हा दुसरा भाग अधिक निर्णायक ठरला, असे माझे मत आहे.

आधीपासून रुजलेली कथा

कॉलरा ब्रिटनमध्ये प्रथम १८३१-३२ मध्ये पोहोचला आणि १८४८-४९ च्या दुसऱ्या साथीत एकट्या लंडनमध्ये १४,००० हून अधिक माणसे दगावली. रोगाच्या कारणाबद्दल वैद्यकात मतभेद होते, पण शासनाच्या वर्तुळात एका स्पष्टीकरणाचे वर्चस्व होते. कुजणाऱ्या घाणीतून दूषित हवा निघते, ती श्वासावाटे शरीरात जाते आणि माणूस आजारी पडतो, हे ते मायाझ्माचे स्पष्टीकरण. एडविन चॅडविक हे त्याचे सर्वांत प्रभावी प्रवक्ते होते. कष्टकऱ्यांच्या वस्त्यांमधील आरोग्यस्थितीवरचा त्यांचा १८४२ चा अहवाल गाजला. १८४६ मध्ये एका संसदीय समितीपुढे तर त्यांनी, दुर्गंध पुरेसा तीव्र असेल तर तो स्वतःच तीव्र रोग असतो, इथपर्यंत साक्ष दिली. १८४८ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने जनरल बोर्ड ऑफ हेल्थ स्थापन झाले, तेव्हा त्याची सूत्रे बऱ्याच अंशी चॅडविक यांच्याकडे आली.

कथा म्हणून मायाझ्माची बांधणी फार भक्कम होती. पुरावा प्रत्येकाच्या नाकापाशी होता. पीडित म्हणून गरीब वस्ती समोर होती, पण हवा कोणाच्या कुंपणाला जुमानत नसल्यामुळे शेजारच्या सुखवस्तू माणसालाही धोका वाटत होता आणि कर भरायला त्यालाही कारण मिळत होते. घाण खलनायक होतीच, तिच्या आडून बेफिकीर घरमालक आणि हात आखडणारी स्थानिक मंडळे यांच्याकडेही बोट दाखवता येत होते. तारणहाराची जागा केंद्रीय यंत्रणेसाठी आणि तिच्या अभियंत्यांसाठी तयार होती. उपाय एकच: घाण वस्तीपासून दूर वाहून नेणे. शिवाय हा उपाय यशस्वी झाला की नाही, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नव्हती, वास गेला की काम झाले. राजकीय पुढाऱ्याला याहून सोयीचा निकष कोणता मिळणार?

या कथेने केलेले नुकसानही नोंदवले पाहिजे. घरांखालचे मैल्याचे खड्डे हे दुर्गंधीचे मूळ मानले गेल्यामुळे १८४० च्या दशकाच्या अखेरीस ते बंद करून त्यातला मैला गटारांवाटे थेम्स नदीत सोडण्याची मोहीम चालवली गेली. त्याच नदीतून अनेक पाणीपुरवठा कंपन्या शहराला पिण्याचे पाणी देत होत्या. म्हणजे साथीच्या काळात उपायानेच रोगाला वाट करून दिली. चॅडविक यांच्या हेतूवर संशय घेण्याचे कारण नाही. त्यांच्या कथेत पाण्याला दुय्यम भूमिका होती, त्यामुळे वस्तीतला वास नाहीसा होणे हा लाभ ठळक दिसला आणि नदी खराब होणे ही तात्पुरती गैरसोय वाटली. धोरणातली कथा आपले लक्ष एका बाजूला वळवते, तेव्हा दुसऱ्या बाजूला काय चालले आहे हे मोजायचेसुद्धा राहून जाते.

ब्रॉड स्ट्रीट, १८५४

स्नो हे व्यवसायाने भूलतज्ज्ञ. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या प्रसूतीवेळी क्लोरोफॉर्म त्यांनीच दिले होते. कॉलरा पाण्यातून पसरतो, ही कल्पना त्यांनी १८४९ मध्येच एका पुस्तिकेत मांडली होती. रोग आधी पोटावर हल्ला करतो, तर त्याचे विष फुप्फुसांवाटे नव्हे, तोंडावाटे जात असले पाहिजे, हा त्यांचा प्रारंभीचा तर्क होता.

३१ ऑगस्ट १८५४ च्या रात्री सोहो भागात साथ उसळली आणि दहा दिवसांत सुमारे ५०० माणसे मेली. स्नो यांनी मृतांच्या नोंदी घेऊन घरोघर चौकशी केली, तेव्हा बहुतेक मृत ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे पाणी पिणारे निघाले. त्यांच्या युक्तिवादाचे खरे बळ मात्र अपवादांत होते. जवळच्या पोलंड स्ट्रीटवर गरिबांसाठीचे वर्कहाऊस होते. चारी बाजूंनी माणसे मरत असताना तिथल्या ५३५ रहिवाशांपैकी फक्त ५ जण कॉलऱ्याने गेले, कारण त्या संस्थेची स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच्या बिअरच्या कारखान्यात सुमारे ७० कामगार होते आणि त्यांतला एकही दगावला नाही. त्यांना बिअर मिळत असे आणि ते पंपाकडे फिरकतही नसत. याच्या उलट, कित्येक मैल दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक वृद्ध विधवा कॉलऱ्याने मेली. पूर्वी ब्रॉड स्ट्रीटवर राहिलेल्या या बाईंना त्या पाण्याची चव आवडत असे, म्हणून त्या पाण्याची बाटली रोज गाडीने त्यांच्याकडे जात होती. त्यांच्याकडे आलेली, तेच पाणी प्यायलेली भाचीही इझलिंग्टनला परतल्यावर मेली. त्या दोघी राहत होत्या त्या भागांत तेव्हा कॉलरा नव्हता.

७ सप्टेंबरला स्नो यांनी पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीवर आधारलेल्या स्थानिक कारभार विभागाच्या, पालक मंडळापुढे हे मांडले आणि दुसऱ्या दिवशी पंपाचा दांडा काढण्यात आला. इथे लोकप्रिय कथा संपते. स्नो यांनी स्वतः लिहून ठेवले आहे की लोक वस्ती सोडून पळाल्यामुळे साथ आधीच ओसरू लागली होती आणि दांडा काढला तेव्हा विहिरीत विष उरले होते की नाही, हे सांगता येणार नाही. नकाशा त्यानंतर तयार झाला. साथ सरल्यावर रहिवाशांच्या मागणीवरून पंप पुन्हा सुरूही करण्यात आला. म्हणजे दांडा काढणे हा भेदरलेल्या मंडळाने करून पाहिलेला एक स्वस्त प्रयोग होता, मतपरिवर्तन झालेले नव्हते. स्थानिक लोकांची तर वेगळीच कथा होती: १६६५ च्या प्लेगमधील मृतांना जिथे पुरले होते ती जमीन नवे गटार खणताना उकरली गेली आणि तिथून विषारी वाफा निघाल्या. या समजुतीची चौकशी करण्यासाठी गटार आयोगाच्या एका अभियंत्याने स्नो यांच्याआधीच मृत्यूंचा नकाशा काढला होता. तोच भाग आणि तेच मृत्यू असूनही त्याने नकाशाला विचारलेला प्रश्न वेगळा होता, म्हणून उत्तरही वेगळे आले. आकडे बोलतात असे म्हणणाऱ्यांनी हे दोन नकाशे शेजारी ठेवून पाहावेत.

ब्रॉड स्ट्रीटचा गुंता शेवटी सोडवला तो स्थानिक सहायक धर्मगुरू हेन्री व्हाइटहेड यांनी. स्नो यांचे म्हणणे खोडून काढायलाच ते निघाले होते. वस्तीतली कुटुंबे त्यांच्या ओळखीची असल्यामुळे त्यांची चौकशी अधिक खोल गेली आणि ते हळूहळू विरुद्ध निष्कर्षाकडे आले. ४० क्रमांकाच्या घरातले एक तान्हे बाळ साथीच्या तोंडावर जुलाबाने आजारी पडले होते आणि त्याचे मळके कपडे धुतलेले पाणी घरापुढच्या मैल्याच्या खड्ड्यात ओतले गेले होते, हे त्यांनी शोधून काढले. १८५५ मध्ये तिथे खणून पाहिल्यावर तो खड्डा विहिरीपासून तीन फुटांच्या आत असल्याचे आणि त्याच्या विटा ढिल्या झाल्याचे आढळले.

समितीने पुराव्याचे काय केले

स्नो यांचा अधिक मोठा पुरावा दक्षिण लंडनमधला होता. तिथल्या अनेक रस्त्यांत दोन कंपन्यांचे नळ शेजारीशेजारी टाकलेले होते. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये आपले पाणी उचलण्याचे ठिकाण नदीच्या वरच्या अंगाला, शहराच्या सांडपाण्यापलीकडे हलवले होते. साउथवार्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र शहराच्या हद्दीतलेच पाणी देत होती. त्यामुळे तीन लाखांहून अधिक माणसे, श्रीमंत आणि गरीब, एकाच हवेत राहून, स्वतः काहीही न निवडता दोन गटांत विभागली गेली. १८५४ च्या साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दर १०,००० घरांमागे मृत्यू मोजले तर साउथवार्क अँड व्हॉक्सहॉलच्या घरांत ३१५ आणि लॅम्बेथच्या घरांत ३७ होते. आजच्या कसोटीवरही हा पुरावा उत्कृष्ट ठरेल.

बोर्ड ऑफ हेल्थने नेमलेल्या वैज्ञानिक समितीने १८५५ मध्ये हा पाण्याचा सिद्धांत स्वीकारण्यास कारण दिसत नाही, असा निर्वाळा दिला. या समितीने केलेले निरीक्षण फार कष्टाचे होते. हवेचा दाब, तापमान, वारा, दमटपणा, घरांमधली हवा खेळती आहे की नाही, कुठून कोणता वास येतो, या सगळ्यांच्या नोंदी झाल्या. कथेत हवा नायिका असल्यामुळे मोजमापही हवेचेच झाले. हॅम्पस्टेडच्या विधवेचा प्रसंग झटकता येण्यासारखा नव्हता, म्हणून ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्यापुरते उत्तर असे काढण्यात आले: साथीच्या काळात हवेतला एखादा प्रभाव कुजण्याजोग्या घाणीचे विषात रूपांतर करत असेल, तर घाण असलेल्या पाण्याचेही तसेच रूपांतर होऊ शकते. अशा रीतीने विरोधी पुरावा आला आणि जुन्याच कथेत एक उपप्रकरण बनून राहिला. पुढच्याच वर्षी, १८५६ मध्ये, जॉन सायमन या वरिष्ठ आरोग्य अधिकाऱ्यांनी दोन कंपन्यांच्या ग्राहकांमधील मृत्यूंची पुन्हा तुलना केली. त्यांच्या हिशेबात ते प्रमाण दर १,००० माणसांमागे १३ आणि ३.७ असे आले. घाणेरडे पाणी घातक आहे, हे त्यांनी मान्य केले, पण घाण हेच मूळ आणि पाणी हे तिचे अनेक मार्गांपैकी एक, या चौकटीतच.

याला केवळ हट्ट म्हणणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. स्नो यांच्या कथेची घडण धोरणासाठी अवघड होती. तिचा खलनायक डोळ्यांना दिसत नव्हता आणि नाकाला कळत नव्हता. दृश्य दोषी शोधायचा तर तो खासगी पाणी कंपन्यांच्या रूपात सापडत होता आणि त्यांच्या मालमत्तेला हात लावणे संसदेला जड जात होते. तारणहाराची जागा रिकामी होती. उपाय विखुरलेले होते: पाणी उकळा, हात धुवा, कंपनीने पाणी दुसरीकडून घ्यावे. त्यांतले बरेचसे घरातल्या माणसावरच येऊन पडत होते.

शत्रूच्या गोटातला साक्षीदार

मार्च १८५५ मध्ये स्नो संसदेच्या निवडसमितीपुढे आले. उपद्रव निवारण कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक समितीपुढे होते आणि दुर्गंधी पसरवणाऱ्या धंद्यांवर, म्हणजे हाडे उकळणे, साबण तयार करणे अशा कारखान्यांवर, त्यातून बंधने येणार होती. स्नो यांनी त्या धंदेवाल्यांच्या बाजूने साक्ष दिली. या वासांनी साथ पसरत नाही, पसरली असती तर त्या कारखान्यांतले कामगार सर्वांत आधी मेले असते, असे त्यांचे म्हणणे. तर्क बिनतोड होता आणि राजकीयदृष्ट्या आत्मघातकी.

सुधारकांची सारी कायदेशीर शस्त्रे ‘वास म्हणजे रोग’ या एका विधानावर धार लावलेली होती. त्याच विधानामुळे अधिकाऱ्याला खासगी आवारात शिरता येत होते, कारखानदाराला नोटीस देता येत होती. ते विधान काढून घेतले की गरीब वस्तीतल्या सुधारणेचा पायाच ढासळेल, अशी त्यांची भीती होती आणि ती निराधार नव्हती. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने त्या जूनमध्ये अग्रलेखातून टोला हाणला की डॉ. स्नो ज्या विहिरीतून आरोग्याचे सारे सत्य उपसतात ती विहीर म्हणजे शहराचे मुख्य गटार आहे. कथेत स्नो यांना आता पात्र मिळाले होते: घाण करणाऱ्या धंद्यांचा वकील. त्यानंतर त्यांच्या आकड्यांचे मूल्यमापन त्या पात्राच्या तोंडून आलेले आकडे म्हणूनच झाले. १६ जून १८५८ ला स्नो वारले, तेव्हा ‘लॅन्सेट’ने छापलेल्या दोन ओळींच्या मृत्युवार्तेत क्लोरोफॉर्मचा उल्लेख होता, कॉलऱ्याचा नव्हता.

तोच जून महिना

त्याच दिवसांत उन्हाळ्याने थेम्सचे पाणी आटले होते आणि साचलेल्या मैल्याच्या वासाने नदीकाठच्या संसदभवनात बसणे अशक्य झाले होते. खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगले गेले, तरी सदस्य नाकाला रुमाल लावून समितीच्या खोल्यांतून बाहेर पडत होते. मुख्य गटारांचे आराखडे त्याआधीच तयार होते. १८५५ मध्ये स्थापन झालेल्या मेट्रोपोलिटन बोर्ड ऑफ वर्क्सचे मुख्य अभियंता जोसेफ बझलजेट यांनी ते सादर केले होते, पण मैला नदीत नेमका कुठे सोडायचा आणि खर्च कोणी उचलायचा, या वादात सरकारी मंजुरी अडकली होती. १५ जुलैला अर्थमंत्री डिझरायली यांनी विधेयक मांडले, थेम्सला पाताळातल्या नदीची उपमा दिली आणि २ ऑगस्टला, अवघ्या अठरा दिवसांत, कायदा झाला. बोर्डाला सरकारच्या हमीवर ३० लाख पौंडांचे कर्ज काढण्याची मुभा मिळाली आणि आराखड्यांवरचा सरकारी नकाराधिकार गेला.

या निर्णयामागचा कार्यकारणभाव चुकीचा होता, हे त्याच उन्हाळ्याने सिद्ध केले होते. एवढा दुर्गंध शहरभर पसरूनही कॉलऱ्याची साथ आली नाही. टायफॉइडचे अभ्यासक विल्यम बड यांनी या विसंगतीकडे लक्षही वेधले. पण कायदा करणाऱ्यांना विसंगती शोधायची नव्हती. पीडिताच्या जागी या वेळी ते स्वतः होते आणि कथा त्यांच्या दारात येऊन बसली होती. बझलजेट यांनी ८२ मैलांची मुख्य गटारे नदीला समांतर बांधली. ती शहराचे सांडपाणी अडवून पूर्वेला, वस्तीपासून दूर नेऊ लागली. एप्रिल १८६५ मध्ये त्यांचे औपचारिक उद्घाटन झाले. वास दूर नेण्यासाठी बांधलेली ही यंत्रणा रोगजंतू पिण्याच्या पाण्यापासून दूर नेत होती, ही तिची न ठरवलेली कामगिरी.

याचा अर्थ चुकीची कथाही चालते, फक्त ती परिणामकारक हवी, असा काढणारे काही जण भेटतात. तो निष्कर्ष मला घाईचा वाटतो. वास आणि जंतू या प्रकरणात एकाच मैल्यात होते, म्हणून वास हटवल्याने जंतूही हटले. १८४८-४९ मध्ये तीच कथा, तोच मैला आणि तेवढाच उत्साह असताना माणसे मेली होती. फरक कथेत नव्हता, मैला कुठे नेऊन टाकला यात होता. शिवाय १८५२ च्या कायद्याने पाणी कंपन्यांना थेम्सचे पाणी टेडिंग्टनच्या, म्हणजे समुद्राच्या भरतीचे पाणी जिथपर्यंत पोहोचते त्या ठिकाणाच्या, वरच्या अंगाहून उचलण्याची आणि गाळून देण्याची सक्ती केली होती. त्यामागे ग्राहकांची गढूळ पाण्याबद्दलची वर्षानुवर्षांची ओरड होती. गाजावाजा न झालेल्या या तरतुदीचा वाटा गटारांच्या स्मारकापुढे सहज विसरला जातो.

पूर्व लंडन, १८६६

कथा कुठे अपुरी पडली, हे १८६६ च्या शेवटच्या साथीने दाखवले. त्या वर्षी लंडनमध्ये ५,५०० हून अधिक माणसे मेली आणि त्यांतली बहुतांश पूर्व लंडनमधली, म्हणजे जिथे नवी गटारे अद्याप जोडली गेली नव्हती त्या भागातली होती. जन्ममृत्यू नोंदणी महाकार्यालयातील सांख्यिकीतज्ज्ञ विल्यम फार यांनी आधीच्या साथींत, जमीन जितकी उंच तितके मृत्यू कमी, असे समीकरण मांडून हवेच्या सिद्धांताला बळ दिले होते. आता मात्र त्यांनी मृत्यूंची विभागणी थेट पाणीपुरवठ्यानुसार केली आणि बोट ईस्ट लंडन वॉटरवर्क्स कंपनीकडे गेले. कंपनीच्या अभियंत्याने वृत्तपत्रातून जाहीर केले की न गाळलेल्या पाण्याचा थेंबही आम्ही ग्राहकांना दिलेला नाही. त्यावर ग्राहकांनी आपल्या नळांत ईल मासे सापडल्याचे कळवले. गाळणीतून ईल येत नाही, एवढे समजायला कोणाला आकडेवारी लागत नव्हती. सरकारी चौकशीत ओल्ड फोर्ड येथील उघड्या तलावांतले पाणी पुरवठ्यात मिसळल्याचे निष्पन्न झाले.

स्नो यांच्याकडे नसलेल्या अनेक गोष्टी फार यांच्याकडे होत्या. त्यांच्या हाती शासकीय कार्यालय होते, साप्ताहिक मृत्युतक्ते होते आणि मोडला गेलेला १८५२ चा कायदा होता. खलनायक आता अदृश्य विष नव्हता. तो कलमाचा भंग करणारी, नाव असलेली कंपनी होता आणि तिच्या खोटेपणाची खूण नळातून बाहेर पडली होती. पाण्याची कथा जंतूचा शोध लागण्याआधीच शासनात रुळू लागली. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी कॉलऱ्याचा जंतू दाखवला तो १८८३-८४ मध्ये.

पंपाच्या दांड्याची कथा तर आणखी उशिरा, विसाव्या शतकात घडली. साथरोगशास्त्राला स्वतंत्र विद्याशाखा म्हणून उभे राहताना एक संस्थापक आणि एक निर्णायक क्षण हवा होता. १९३६ मध्ये अमेरिकेत स्नो यांच्या लेखनाचे पुनर्मुद्रण झाल्यावर दोन्ही मिळाले. दक्षिण लंडनचे आकडे वैज्ञानिकदृष्ट्या कितीतरी वजनदार असूनही स्मृतीत राहिला तो दांडा, कारण आकड्यांच्या तक्त्यात कोणी काही उचलत नाही की काढत नाही.

स्नो यांच्या स्पष्टीकरणातला सर्वांत अडचणीचा प्रश्न, म्हणजे पाण्याची मालकी खासगी कंपन्यांकडे असावी का हा, मात्र फार यांच्या विजयानंतरही मागेच राहिला. १८७१ च्या कायद्याने लंडनसाठी सरकारी पाणी परीक्षक नेमला आणि अखंड पुरवठ्याची अपेक्षा घातली, पण पाणी खासगी कंपन्यांकडेच राहिले. शहराचे पाणी सार्वजनिक मंडळाच्या ताब्यात देणारा कायदा १९०२ मध्ये झाला. मैल्याची मालकी घ्यायला संसदेला अठरा दिवस पुरले होते. पाण्याची मालकी घ्यायला स्नो यांच्या पहिल्या पुस्तिकेपासून त्रेपन्न वर्षे लागली.